क्लच गेला, काम राहिलं

१९६६ साली अमेरिकेतल्या कॅन-ॲम शर्यतींत जिम हॉल यांची चॅपरल २ई उतरली, तेव्हा लोकांच्या नजरा खिळल्या तिच्या पाठीवर उंच खांबांवर बसवलेल्या पंखावर. सरळ रस्त्यावर हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून ड्रायव्हर डाव्या पायाखालचं पेडल दाबून तो पंख आडवा करायचा. वळण आलं की पाय उचलायचा आणि पंख पुन्हा तिरका होऊन मागची चाकं रस्त्यावर दाबायचा. डावा पाय या कामाला मोकळा होता, कारण गाडीत क्लचचं पेडलच नव्हतं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर होता. याच घराण्यातल्या गाड्यांनी १९६५ मध्ये सेब्रिंगची बारा तासांची आणि १९६६ मध्ये न्यूरबर्गरिंगची हजार किलोमीटरची शर्यत जिंकली.

ऑटोमॅटिक म्हणजे आरामाची, वेगाची नव्हे, हा समज तेव्हाच मोडायला हवा होता. पण तो पुढे कित्येक वर्षं टिकला. आता वेगवान गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांनीच क्लचचं पेडल एकामागून एक काढून टाकलं आहे. आणि ज्यांनी जुन्या गाडीला टर्बो लावून, इंजिन उघडून ताकद दुप्पट केली, तेही विचारू लागले आहेत : मॅन्युअल काढून ऑटोमॅटिक बसवू का? उत्तरं बहुधा दोन टोकांची मिळतात. एक म्हणतो, गाडीचा जीवच गेला. दुसरा म्हणतो, वेळ सुधारली, विषय संपला.

दोघांच्याही हिशेबातून एक गोष्ट सुटते. क्लच काढला म्हणून क्लचचं काम संपत नाही. फिरतं इंजिन आणि थांबलेली चाकं यांची सांगड घालायची, निघतानाचा घसारा सोसायचा, गिअर बदलताना ताकद क्षणभर तोडायची आणि काही बिनसलं तर आधी स्वतः जळून बाकीच्यांना वाचवायचं, ही सगळी कामं डावा पाय आणि एक तबकडी मिळून करत होती. रूपांतरानंतर ती तेलाकडे, कूलरकडे आणि संगणकाकडे जातात. ती कोणाकडे गेली हे ज्याने आधी ठरवलं, त्याचं रूपांतर यशस्वी होतं. या प्रश्नाचा सगळा आढावा त्याच एका बाजूने घेता येतो.

हा विचार मुळात का येतो

सगळ्यात मोठं कारण टॉर्क. कंपनीने दिलेला क्लच कंपनीच्या इंजिनाला पुरेल असा असतो. टोयोटा सुप्राच्या चौथ्या पिढीचं उदाहरण घ्या. जपानमध्ये तिच्या टर्बो इंजिनाची अधिकृत ताकद २८० पीएस होती, पण त्या २जेझेड इंजिनाचा बिडाचा ब्लॉक याच्या दुपटीहून जास्त सहज सोसतो. तेवढी ताकद पकडायला दोन तबकड्यांचा, कडक स्प्रिंगचा क्लच लागतो. पेडल जड होतं. धातुमिश्रित अस्तराची तबकडी पकडते ती एकदम, दिव्याचं बटण दाबल्यासारखी. हाफ क्लचवर गाडी हळूच सरकवण्याची सोयच राहत नाही. शर्यतीच्या पट्टीवर हे चालतं, पण सिग्नलला थांबत-थांबत घरी जाताना पायाला गोळे येतात.

दुसरं कारण टर्बोचं. मॅन्युअलमध्ये गिअर बदलताना ॲक्सिलरेटर सुटतो, एक्झॉस्टचा झोत कमी होतो आणि बूस्ट पडतो. पुढचा गिअर पडल्यावर तो पुन्हा भरेपर्यंत वाट पाहायची. मोठा टर्बो असेल तर ही खोट फार जाणवते. ऑटोमॅटिकमध्ये ॲक्सिलरेटर दाबलेलाच राहतो, त्यामुळे बूस्ट टिकतो.

तिसरं कारण माणसाच्या हाताचं. तिसऱ्यातून चौथ्यात जाताना घाईत दुसरा गिअर पडला, तर चाकं इंजिनाला त्याच्या मर्यादेपलीकडे फिरवतात आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. एका चुकीत इंजिन जातं. चौथं कारण वयाचं आणि गुडघ्याचं. त्याबद्दल गाडीवेडे फारसे बोलत नाहीत, पण रूपांतरं मात्र त्यापायी बरीच होतात.

वाट पाडली ती ड्रॅग रेसिंगने

ओल्ड्समोबिलच्या १९४० च्या मॉडेलमध्ये आलेला हायड्रामॅटिक हा मोठ्या संख्येने विकला गेलेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या एम-५ स्टुअर्ट रणगाड्यांत तोच बसवला होता. युद्धानंतर कॅलिफोर्नियातल्या ड्रॅग रेसिंगवाल्यांनी तो उघडून त्यातले व्हॉल्व्ह बदलले, गिअर पडण्याची वेळ आपल्या हातात घेतली आणि क्लच फुटण्याच्या कटकटीतून सुटका करून घेतली. पाव मैलाच्या शर्यतीत एकदा जोरात जाण्यापेक्षा दर वेळी सारखं जाणं मोलाचं असतं. ऑटोमॅटिकने ते दिलं.

पुढे जनरल मोटर्सचे दोन गिअरबॉक्स या खेळाचे आधारस्तंभ झाले. १९५० मध्ये शेव्हरोलेटमध्ये आलेला पॉवरग्लाइड फक्त दोन गिअरचा. घरगुती गाडीत तो सुस्त वाटायचा. पण फिरणारे भाग कमी असल्याने तो इंजिनाची ताकद कमी खातो आणि १.७६ चा त्याचा पहिला गिअर मऊ असल्याने प्रचंड ताकदीच्या गाडीची चाकं जागच्या जागी भिरभिरत नाहीत. म्हणून १९७३ मध्ये उत्पादन थांबलं तरी ड्रॅगच्या पट्टीवर तो आजही आहे. दुसरा १९६४ चा टर्बो-हायड्रामॅटिक ४००. याला तीन गिअर, आणि तो इतका दणकट की रोल्स-रॉइसने सिल्व्हर शॅडोत वापरला. १९७६ मध्ये फेरारीने पहिली ऑटोमॅटिक गाडी काढली, त्या फेरारी ४०० मध्येही हाच गिअरबॉक्स होता.

याच जगातून ट्रान्सब्रेक आला. तो एकाच वेळी पहिला गिअर आणि रिव्हर्स अडकवून गाडी जागेवर खिळवतो. ड्रायव्हर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबतो, इंजिन कन्व्हर्टरमधल्या तेलाशी झुंजत बूस्ट भरतं, बटण सुटताच गाडी सुटते. क्लचने हे करायला गेलं तर तबकडीचा धूर निघेल. २०१८ च्या डॉज चॅलेंजर डेमनमध्ये ही युक्ती कंपनीनेच बसवून दिली.

शर्यतीच्या जगातली दुसरी धारा युरोपातून आली. १९८९ च्या ब्राझील ग्रांप्रीत नायजेल मॅन्सेल यांनी फेरारी ६४० जिंकवली, ती स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी गिअर बदलून. दोन क्लचचा गिअरबॉक्स पोर्शने ऐंशीच्या दशकात ९५६ आणि ९६२ मध्ये रेसवर घासून पाहिला होता. रस्त्यावरच्या गाडीत तो २००३ च्या फोक्सवॅगन गोल्फ आर३२ मधून आला. २००७ मध्ये निस्सानने नवी जीटी-आर आणली आणि तिला मॅन्युअलचा पर्यायच ठेवला नाही.

पण गोष्ट तिथे संपली नाही. २००९ मध्ये झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा ८एचपी बीएमडब्ल्यू ७६०एलआयमध्ये दिसला. हा जुन्याच पठडीतला, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर आणि ग्रहगतीच्या गिअरसंचांचा. आठ गिअरसाठी त्यात फक्त चार गिअरसंच आणि पाच क्लच-ब्रेक आहेत. कुठल्याही गिअरमध्ये त्यातले दोनच सुटे असतात, त्यामुळे ओढाताण कमी. गिअर इतक्या झटक्यात पडतात की बीएमडब्ल्यूने एम-५ मध्ये एका पिढीला दोन क्लचचा गिअरबॉक्स देऊन पुढच्या पिढीला तो काढला आणि ८एचपी बसवला. टॉर्क कन्व्हर्टरचं हे पुनरागमन आजच्या रूपांतरांच्या लाटेचं खरं मूळ आहे. लाखो गाड्यांत बसलेला हा गिअरबॉक्स भंगार बाजारात मिळतो आणि ८एचपी७०, ८एचपी९० या नावांतले आकडेच तो किती टॉर्क सोसतो ते सांगतात : अनुक्रमे साधारण ७०० आणि ९०० न्यूटन-मीटर.

चार वाटा, चार स्वभाव

रूपांतर करणाऱ्यापुढे आज चार वाटा आहेत. पहिली जुन्या, केवळ तेलाच्या दाबावर चालणाऱ्या गिअरबॉक्सची : पॉवरग्लाइड, टर्बो ४००. संगणक नाही, वायरिंग जवळपास नाही, गॅरेजात उघडून जोडता येतो. पण वरचा गिअर थेट १ चा. महामार्गावर इंजिन ओरडत राहतं.

दुसरी मधली वाट, नव्वदच्या दशकातल्या ४एल८०ईसारख्या गिअरबॉक्सची. टर्बो ४०० चाच वंश, वर ०.७५ चा चौथा गिअर आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रण. वजनदार आहे, पण शर्यत आणि रस्ता दोन्ही निभावतो. अमेरिकेत टर्बो लावलेल्या व्ही-८ गाड्यांना तो फार मानवला.

तिसरी ८एचपीची. रस्त्यावर मखमल आणि पट्टीवर झटका, दोन्ही एकाच पेटीत. मात्र संगणकाशी त्याचं जमवून द्यावं लागतं, आणि खरी गंमत तिथेच आहे.

चौथी दोन क्लचच्या गिअरबॉक्सची. गिअर बदलतो तो झपाट्याने, हाताला जाणवतो तोही थेट. पण निघताना घासणारे क्लच इथे शिल्लकच आहेत, फक्त पायाऐवजी संगणक त्यांना हाताळतो. रहदारीत सरपटत जाताना तेच तापतात. क्लच तेलात बुडालेले असतील तर निभावतं, कोरडे असतील तर ताकद वाढवलेल्या गाडीत लवकर हात टेकतात.

पाच मिलिमीटरची जागा

आता प्रत्यक्ष जोडणी. मॅन्युअलचं फ्लायव्हील निघतं आणि त्याजागी फ्लेक्सप्लेट नावाची पातळ पोलादी तबकडी क्रँकशाफ्टला लागते. तिला कन्व्हर्टर बोल्टने बसतो. ८एचपीसारख्या गिअरबॉक्सची पुढची घंटा, म्हणजे बेलहाउसिंग, मुख्य कवचाबरोबरच ओतलेली असते. परक्या इंजिनाला ती जुळत नाही, म्हणून मध्ये ॲडॉप्टर प्लेट घालतात. प्लेटच्या जाडीने गिअरबॉक्स मागे सरकला की क्रँकवरही तेवढ्याच जाडीचा स्पेसर लागतो. स्टार्टरचे दाते जुळले पाहिजेत आणि कन्व्हर्टरचं नाक क्रँकच्या खाचेत मधोमध बसलं पाहिजे.

इथे अनुभवी फिटर आणि हौशी माणूस यांच्यातला फरक एका कृतीत दिसतो. कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या तोंडात घालताना तो फिरवत-फिरवत आत ढकलायचा असतो, कारण त्याच्या नळीवरच्या खाचा आतल्या तेलपंपात बसेपर्यंत तो टप्प्याटप्प्याने खाली उतरतो. शेवटचा टप्पा उतरला नाही तरी वरून सगळं ठीकच दिसतं. मग गिअरबॉक्स इंजिनाला लावताना थोडी फट राहते आणि माणूस ती बोल्ट आवळून बुजवतो. त्या क्षणी तेलपंप फुटतो. गाडी अजून सुरूही झालेली नसते! म्हणून जाणकार आधी दोन्ही कवचं हातानेच भिडवतात, कन्व्हर्टर मोकळा फिरतो का पाहतात, आणि मग तो फ्लेक्सप्लेटकडे पुढे ओढतात. टर्बो ४०० सारख्या गिअरबॉक्समध्ये तो तीन ते पाच मिलिमीटर पुढे आला पाहिजे. त्याहून कमी अंतर असेल तर पंपावर दाब येतो, जास्त असेल तर खाचांची पकड अपुरी राहते.

बाकीची कामं कष्टाची आहेत, कोड्याची नाहीत. गिअरबॉक्सची लांबी बदलली की प्रॉपेलर शाफ्ट नवा कापावा लागतो आणि बॅलन्स करावा लागतो. खालचा आडवा आधार नव्याने वेल्ड होतो. गाडीच्या पोटातला बोगदा कधी ठोकून, कधी कापून रुंद करावा लागतो. पेडलांचा संच बदलतो. गाडी गिअरमध्ये असताना स्टार्टर फिरू नये यासाठीचा स्विच आणि रिव्हर्सचा दिवा नव्याने जोडायचा. या यादीमुळेच बजेट कोसळतं. भंगारातून आणलेला गिअरबॉक्स स्वस्त, पण प्लेट, कन्व्हर्टर, कंट्रोलर, शाफ्ट आणि कूलर धरले की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

घसारा गेला कुठे

क्लचची तबकडी जे सोसत होती ते आता तेल सोसतं. कन्व्हर्टरमध्ये इंजिनाच्या बाजूची पाती तेल फेकतात, गिअरबॉक्सच्या बाजूची पाती त्या झोताने फिरतात आणि मधला स्टेटर परतीचं तेल योग्य दिशेने वळवतो. गाडी निघताना हीच रचना इंजिनाचा टॉर्क साधारण दुप्पट करून चाकांकडे पाठवते. मात्र दोन पात्यांच्या वेगात जेवढा फरक, तेवढी उष्णता. वेग जुळला की आतला लॉक-अप क्लच दोन्ही बाजू जखडतो आणि गळती थांबते.

मॉडिफाय केलेल्या इंजिनाला कन्व्हर्टर निवडून घ्यावा लागतो. तो किती आरपीएमपर्यंत इंजिनाला मोकळं फिरू देतो, याला स्टॉल स्पीड म्हणतात. मोठ्या टर्बोला स्टॉल वरचा हवा, नाहीतर बूस्ट भरण्याआधीच गाडी रेंगाळते. तीव्र कॅमशाफ्ट असेल तरी वरचाच हवा. असं इंजिन आयडलला आधीच डचमळत असतं, त्यात गिअरचा भार आला की सिग्नलला बंद पडतं. शिवाय अशा कॅममुळे आयडलचा व्हॅक्यूम कमी होतो, ब्रेक बूस्टर अशक्त होतो, आणि ऑटोमॅटिक गाडी तर ब्रेक सोडताच पुढे सरकते. म्हणजे गिअरबॉक्स बदलताना ब्रेककडेही पाहावं लागतं. स्टॉल वर नेला की उष्णता वाढते. दोन्हीकडून हवं तेच मिळेल असा कन्व्हर्टर कोणी बनवत नाही.

म्हणून कूलर मोठा, शक्यतो पंख्यासह आणि वाऱ्याच्या झोतात. तेलाचं तपमान दाखवणारा काटा डॅशबोर्डवर हवाच. ८० ते ९५ अंश सेल्सिअसच्या आसपास तेल सुखात असतं. १२० च्या वर ते करपू लागतं, आतल्या क्लचचं अस्तर काचेसारखं गुळगुळीत होतं आणि गिअर घसरतात. तेल भरण्याचीही शिस्त आहे. ८एचपीची पातळी इंजिन चालू ठेवून, तेल ३० ते ५० अंशांत असताना पाहतात. थंड इंजिनावर काठोकाठ भरलं की काम झालं, असा हिशेब इथे चुकतो.

कोण ठरवणार, कधी बदलायचा गिअर

जुन्या गिअरबॉक्सलाही मेंदू होता, तेलाच्या दाबाचा. जनरल मोटर्सच्या ऐंशीच्या दशकातल्या ७००आर४ गिअरबॉक्समध्ये ॲक्सिलरेटरला जोडलेली एक केबल दाब ठरवायची. ती थोडी सैल राहिली तरी दाब अपुरा पडून आतले क्लच थोड्याच दिवसांत जळायचे. आता त्या केबलचं काम इलेक्ट्रॉनिक संदेश करतात. पण ते चुकले तर गत तीच होते.

कारखान्यातून ऑटोमॅटिक म्हणून निघालेल्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांचे संगणक सतत बोलत असतात. गिअर बदलायच्या क्षणी गिअरबॉक्स टॉर्क कमी करायला सांगतो, इंजिन इग्निशन मागे घेतं, गिअर पडतो, टॉर्क परत येतो. हे सगळं एका सेकंदाच्या लहानशा भागात होतं. मॅन्युअल गाडीच्या ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, ही भाषाच येत नाही. पूर्ण ताकद चालू असताना गिअर बदलला की घसारा आतल्या क्लचच्या वाट्याला येतो. म्हणून ८एचपीच्या रूपांतरात एकतर स्वतंत्र गिअरबॉक्स कंट्रोलर लागतो, पोलंडच्या टर्बोलॅमिकसारखा, किंवा स्वीडनच्या मॅक्सईसीयूसारखा इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही सांभाळणारा ईसीयू. दहाएक वर्षांपूर्वी हे काम फारच थोड्यांच्या आवाक्यात होतं. आता ते लॅपटॉपवर होतं, पण आपोआप होत नाही. कोणत्या टॉर्कला किती दाब, लॉक-अप कधी, गरम तेलात काय, हे कुणीतरी बसून जुळवायला हवं. इंजिनाचा टॉर्क आपण वाढवला आणि कंट्रोलरला मात्र जुनाच आकडा दिला, तर तो कमी दाब देईल आणि गिअरबॉक्स स्वतःला खाईल.

गणित कागदावर आधी

गिअर रेशोचा हिशेब बहुतेक जण शेवटी करतात, खरं तर तो सुरुवातीला करायचा. समजा टी-५६ या सहा गिअरच्या मॅन्युअलची, मागे ३.७३ चा क्राऊन-पिनियन असलेली गाडी आहे. पहिला गिअर २.६६ चा, म्हणजे एकूण गुणोत्तर ९.९. त्याजागी ८एचपी बसवला तर पहिला ४.७१ चा, एकूण १७.६. इतका जोर टायरला पेलत नाही. पहिला गिअर धूर काढण्यापुरता उरतो. मागचा क्राऊन-पिनियन ३.१५ चा केला तर आकडा १४.८ वर येतो आणि कंट्रोलरने पहिल्या गिअरमध्ये टॉर्क आवरला की जमतं.

दुसरं टोक महामार्गाचं. चाकाचा परीघ दोन मीटर धरला तर ताशी १०० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे ८३३ फेरे घेतं. टर्बो ४०० आणि ३.७३ असेल तर इंजिन ३१०० आरपीएमच्या आसपास फिरत राहील. टी-५६ च्या सहाव्यात तेच १५५० होतं. ८एचपी आणि ३.१५ असेल तर आठव्यात साधारण १७५०. पट्टीवरचा विजेता लांबच्या प्रवासात का छळतो, ते या तीन आकड्यांत आहे.

हे सगळं मागच्या चाकांवर चालणाऱ्या, उभ्या इंजिनाच्या गाड्यांचं झालं. आडव्या इंजिनाच्या, पुढच्या चाकांच्या गाडीत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच कवचात असतात. बाजूला जागा नसते, ड्राइव्हशाफ्टची लांबी बदलते. तिथे त्याच मॉडेलचा कंपनीचा ऑटोमॅटिक संच आणि त्याचं वायरिंग आख्खं उचलणं हाच एक शहाणा मार्ग. मग प्रश्न येतो : ती गाडी ऑटोमॅटिकच का घेतली नाही?

कागदाची बाजू

ब्रिटनमध्ये २०२५ पर्यंत मोठे फेरफार केलेल्या गाडीची ओळख गुणांवर ठरायची. मूळ सांगाड्याचे ५, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगचे प्रत्येकी २, इंजिनाचा १. जुना नंबर टिकवायला सांगाड्यासह ८ गुण लागायचे. नुसता गिअरबॉक्स बदलला तर दोनच जायचे, गाडी बचावायची. ऑस्ट्रेलियात व्हीएसबी १४ या नियमसंचात ट्रान्समिशनसाठी वेगळा भाग आहे आणि मोठ्या बदलांना मान्यताप्राप्त इंजिनिअरची सही लागते. दोन्हीकडे बदलाला रस्ता आहे, फक्त तो नियमांतून जातो.

आपल्याकडे तसं नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या प्रकरणात हा अर्थ कडकपणे लावला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनचाचणी संस्थेत मॉडेल तपासून घेणं हे उत्पादकाचं काम आहे. एकट्या मालकाने आपला गिअरबॉक्स तिथे पास करून आणण्याची सरळ वाट नाही. अपघातानंतर विमा कंपनीने हेच बोट दाखवलं तर भांडायला जागा कमी उरते. लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत, तशा बंदिस्त जागेपुरती गाडी ठेवणं हा एक मार्ग. अपंग व्यक्तीसाठी गाडीत बदल करण्याची तरतूद मात्र कायद्यातच आहे. परवानगी घेऊन केलेला तसा बदल वैध ठरतो. गुडघ्याने दगा दिलेल्याने आधी ती तरतूद आपल्याला लागू होते का ते पाहावं.

उलट्या दिशेची रहदारी

आढावा घ्यायचा तर उलटी दिशाही सांगायला हवी. बीएमडब्ल्यूच्या ई-४६ एम-३ मधला क्लचचं पेडल नसलेला एसएमजी गिअरबॉक्स काढून मॅन्युअल बसवणारे गॅरेजवाले बरेच आहेत. चौथ्या पिढीच्या सुप्रात ऑटोमॅटिक गाड्या मॅन्युअल करून घेतल्या जातात, कारण मूळ सहा गिअरच्या गाडीला बाजारात जास्त भाव आहे. पोर्शने २०१३ मध्ये ९११ जीटी३ फक्त पीडीके या दोन क्लचच्या गिअरबॉक्ससह आणली आणि २०१७ मध्ये मॅन्युअल परत दिला. टोयोटाने २०१९ ची जीआर सुप्रा फक्त ऑटोमॅटिक काढली आणि २०२२ मध्ये मॅन्युअल जोडला. आणि याच टोयोटाने २०२४ मध्ये, मॅन्युअलसाठीच नावाजलेल्या जीआर यारिसला आठ गिअरचा ऑटोमॅटिक दिला.

यातून एवढंच दिसतं की वेग आणि आनंद हे दोन वेगळे हिशेब आहेत, आणि कंपन्यांनी ते मान्य केलं आहे. घड्याळाशी स्पर्धा असेल तर ऑटोमॅटिक जिंकलं, त्यावर वाद उरला नाही. गाडी हाताळण्याची मजा हवी असेल तर क्लच काढून ती वाढत नाही. आणि मूळ अवस्थेतली दुर्मीळ मॅन्युअल गाडी कापणं म्हणजे तिची किंमत स्वतःच्या हाताने उतरवणं.

मग करावं की नाही

पट्टीवर धावणारी, टर्बोची, हजार न्यूटन-मीटरच्या आसपासची गाडी असेल तर डोळे मिटून करावं. त्या टॉर्कला क्लच हा रोजचा खर्च आहे. रस्त्यावर आणि अधूनमधून ट्रॅकवर जाणारी, मागच्या चाकांची गाडी असेल आणि ८एचपी जुळवून देणारा माणूस हाताशी असेल, तर करण्यासारखं आहे. पुढच्या चाकांची, जेमतेम ताकद वाढवलेली गाडी फक्त रहदारीच्या कंटाळ्याने बदलायची असेल तर विकून कंपनीची ऑटोमॅटिक घेणं स्वस्तही पडतं आणि कागदही साफ राहतात.

गिअरबॉक्स विकत घेण्यापूर्वी चार प्रश्नांपुढे चार नावं लिहावीत. उष्णता कोण वाहून नेणार : कूलर कोणता आणि कुठे? गिअर कधी बदलायचा हे कोण ठरवणार : कंट्रोलर कोणता आणि तो जुळवणार कोण? बिघडला तर उघडणार कोण : तुमच्या शहरातला माणूस की परदेशातला पार्सलचा पत्ता? आणि कागदावर सही कोणाची? डावा पाय ही चारही उत्तरं आजवर फुकटात देत होता. एका जरी प्रश्नापुढची जागा कोरी राहिली, तरी सध्या चांगला क्लच घालून घ्यावा आणि पैसे राखून ठेवावेत.